आमची वाटचाल : 'दिवा कुठाय?'

सुरुवातीला आम्ही दोघेच होतो. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि भागीदाराची खटारा गाडी. जुन्या दीपगृहांची छायाचित्रं काढायची आणि मोठ्या आकारात छापून विकायची, एवढाच बेत. पहिल्या प्रदर्शनात जहाजावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रत्येक चित्रापाशी रेंगाळले आणि जाताना म्हणाले, "मनोरे छान आलेत. पण दिवा कुठाय?"

एकाही चित्रात तो पेटलेला नव्हता! दिवसा खलाशी दीपगृह ओळखतो ते रंगावरून. अमेरिकेतल्या केप हॅटरसच्या मनोऱ्यावरचे काळे-पांढरे पीळदार पट्टे त्यासाठीच आहेत. रात्री मात्र ओळख पटते ती तालावरून. हॅटरसचा दिवा दर साडेसात सेकंदांनी लकाकतो. तेव्हापासून आम्ही पोचल्यावर कॅमेरा काढायच्या आधी घड्याळ लावून लकाकी मोजतो आणि शटर किमान तेवढा वेळ उघडं ठेवतो. आकाशात निळाई उरलेली असते तो वेळ तुटपुंजा, त्यातच सगळं उरकायचं. दिव्यासाठी आणि मनोऱ्यासाठी वेगवेगळी छायाचित्रं घेऊन ती जोडली असतील, तर गिऱ्हाइकाला तसं सांगतो. न सांगता विकणारे पुष्कळ आहेत.

पुढे छायाचित्रकारांच्या सहली सुरू केल्या आणि तिथे आपटलो. ओहोटीतच पायी जाता येईल अशा एका खडकावर दहा जणांना नेलं. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळा त्या उन्हाळी वेळेप्रमाणे आधीच तासभर पुढे केलेल्या होत्या. आम्ही त्यांत आणखी एक तास मिळवला. परत निघालो तेव्हा वाट पाण्याखाली! पुढची ओहोटी पहाटे, म्हणून सगळी रात्र मनोऱ्याच्या पायथ्याशी कुडकुडत काढली. डोक्यावरून झोत फिरत होते आणि तशा थंडीतही कुणी ट्रायपॉड आवरला नाही. पैसे अर्थात सगळ्यांचे परत केले. त्यातले दोघे आजही आमच्याबरोबर येतात.

'लाटेने वेढलेला मनोरा हवा' ही मागणी मात्र आम्ही घेत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं फ्रान्सच्या ला जुमाँ दीपगृहाचं, 1989 मध्ये जाँ गिशार यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेलं छायाचित्र. त्यात दारात उभा असलेला रखवालदार सुटकेचं हेलिकॉप्टर आलं असं समजून बाहेर आला होता आणि थोडक्यात वाचला. असलं चित्र मागवून मिळत नसतं.

आता आमचं निम्मं काम दीपगृहांच्या आत चालतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात आपलं भिंग बसवलं. चहूकडे विखुरणारा उजेड काचेच्या कड्यांनी वळवून क्षितिजाकडे धाडायचा, ही त्याची करामत. सर्वांत मोठ्या भिंगांच्या आत माणूस उभा राहू शकतो. दिवसा त्यांच्याभोवती पडदे ओढून ठेवत, कारण बाहेरून आलेलं ऊनही तसंच एकवटून आग लागू शकते. आज बऱ्याच ठिकाणी एलईडी दिवे आले आणि जुनी भिंगं संग्रहालयांत गेली. ती हलवण्याआधी प्रत्येक काच, प्रत्येक टवका टिपून ठेवण्याचं काम आमच्याकडे येतं. काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं, म्हणून काळ्या कापडाआड उभं राहायचं. फ्लॅश नाही, बोट लावायचं नाही. शिवाय, अनेक जड भिंगं पाऱ्यावर तरंगत फिरायची. पारा अजून तिथे आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही खोलीत पाऊल टाकत नाही.

त्या गृहस्थांना नंतर एक चित्र भेट पाठवलं, दिवा पेटलेलं. "खाली ताल लिहा," एवढंच त्यांनी कळवलं. आता प्रत्येक चित्राखाली किती सेकंदांत किती वेळा लकाकतो ते छापतो. पण आम्ही टिपलेल्या एका दीपगृहात नवा दिवा बसला आणि त्याचा ताल बदलला. त्या चित्राखाली जुना ताल ठेवायचा की नवा, यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.