खळ निघता निघेना

नैसर्गिक रंगांनी कापड रंगवायच्या दोन दिवसांच्या वर्गाची फी भरली तेव्हा हातात एक छापील कागद मिळाला. त्यात हिरडा, तुरटी आणि लाल रंग देणारी मंजिष्ठाची मुळं यांची मापं अगदी चोख होती. आणि सगळ्यात वर एक ओळ: ‘कापड स्वच्छ धुऊन घ्यावे.’ बस्स. या एका ओळीने माझे तीन आठवडे खाल्ले.

कापड घेतलं साधं मांजरपाट, ३ मीटर, कोरडं वजन ४०० ग्रॅम. (सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर धरायची. ओलं कापड काट्यावर ठेवून मी आधी एकदा फसले आहे.) साबणाने धुतलं आणि कागदाबरहुकूम सगळं केलं. बाहेर आलं ते मधोमध विटकरी, कडेला फिकट आणि घडीच्या रेघेवर चहा सांडल्यासारखं.

दुसऱ्यांदा धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं. डाग कमी झाले, गेले नाहीत. वर्ग घेणाऱ्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, “पाणी जड असेल.” मग २० लिटरचा पाण्याचा जार विकत आणला. डाग तिथेच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, धुवट कापड आहे, खळ नावाला नाही.”

तेव्हा शाळेतला बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकायचा प्रयोग आठवला. कपाटातून जखमेचं आयोडीन काढलं आणि कोऱ्या तुकड्यावर एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता निळाकाळा झाला. म्हणजे खळ भरपूर. दोनदा उकळलेल्या तुकड्यावरही निळी झाक आलीच. नुसत्या सोड्याने कापसातलं तेल-मेण सुटतं, पण पिठाची खळ चिवट. ती जिथे उरते तिथे रंग आत शिरत नाही, वरवर बसतो.

मग नवं कापड कोमट पाण्यात बुडवून दोन रात्री तसंच ठेवलं. पाणी आंबलं, वर फेस आला, आणि खळ आंबून सुटायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, इडलीचं पीठ जास्त झालंय का? आई म्हणाली, “अगं, आम्ही पातळांना खळ करता करता दमायचो, आणि तू काढत बसलीयेस!” तिसऱ्या दिवशी खळखळून धुतलं, दोन मोठे चमचे सोडा घालून तासभर उकळलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला. आधी तो अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहायचा, आता टाकताक्षणी आत गेला. ओट्यापाशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढचं सोपं. ८० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून रात्रभर कापड बुडवायचं, मग न धुता पिळून वाळवायचं. कापसाला लोकर-रेशमासारखा रंग आपणहून धरता येत नाही, हिरड्यातला तुरट अंश तुरटीला धरून ठेवतो. मग ६० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, त्यात पुन्हा रात्रभर. शेवटी २५० ग्रॅम मंजिष्ठा रात्रभर भिजवून मंद आचेवर. पाणी उकळू दिलं की लाल तपकिरीकडे झुकतो, म्हणून हात जेमतेम सोसेल त्याहून थोडंच गरम ठेवलं आणि कापड सतत हलवत राहिले. खांदे दुखले, पण रंग एकसारखा.

हो, भांडं स्टीलचंच घ्या. लोखंड आणि हिरडा भेटले की काळं. माझ्या दोन चिमट्यांच्या गंजक्या तारांनी वाळत घातलेल्या कापडावर राखाडी ठिपके उमटवले, ते अजून आहेत. आणि हळदीच्या मोहात पडू नका. उन्हात उडते, साबण लागला की लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावूनच करतात ना.

परवा त्याच दुकानात गेले, पर्समध्ये आयोडीन घेऊन. “खळ नाही,” त्याने पुन्हा शपथ घेतली. मी कापडाच्या कोपऱ्यावर थेंब टाकला. निळा. तो दोन क्षण बघत राहिला, मग म्हणाला, “आता हा डाग पडलेला तुकडा कोण घेणार, ताई?” घेतला मीच, १ मीटर.