पाऊणपट

अकरावी कॉमर्सला सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कशा बदलतात ते, शिकवायला घेतला की नवऱ्याचं वय आणि बायकोचं वय हमखास येतं. नाहीतर जाहिरातीचा खर्च आणि विक्री. आमच्या दाभोळच्या खाडीकाठच्या मुलांना दोन्हींत काडीचा रस नाही.

परवा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, भरतीचं घ्या ना. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्याच्या आज्याला पाऊणकी तोंडपाठ. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं मागे पडतो, त्याचाच हा सोपा केलेला हिशेब. मी ठिपके मांडले, सगळे एका ओळीत. कार्ल पिअर्सनच्या सूत्राने सहसंबंधाचा गुणांक चोख +१, म्हणजे पुरेपूर संबंध. (नियमातूनच ठिपके काढले, तर दुसरं काय येणार! पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.)

मग हुरूप आला. पाणी किती चढतं तेही घेऊ म्हटलं. जेटीच्या पायऱ्या किती बुडतात ते पोरांनीच सांगितलं. अमावास्येला ९, चतुर्थीला ६, सप्तमी-अष्टमीला भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी, भरती म्हणून ४, एकादशीला परत ६, पौर्णिमेच्या उधाणाला ९. खरं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जोर धरतं, हेही एकीने सुनावलं. मी सोयीसाठी कानाडोळा केला. सरासरीतून वजाबाक्या झाल्या, गुणाकार झाले, अधिक-उणे एकमेकांना खाऊन बसले. उरलं शून्य.

"म्हणजे तिथीचा नि पाण्याचा संबंधच नाय?"

सगळा वर्ग हसला. 'शून्य म्हणजे संबंध नाही' हे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, भाजीवाली 'सुट्टे नाहीत' म्हणते तितक्या सहज. आणि समोर फळ्यावर ठिपक्यांची चक्क होडी झाली होती, दोन्ही टोकं वर, पोट खाली. पिअर्सनच्या गुणांकाला सरळ रेघ तेवढी कळते, होडी कळत नाही. 'सरळरेषीय' हा शब्द मी आजवर बोलताना गिळत होते. तो खडूने ठसठशीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात घंटा झाली. त्या दिवशी षष्ठी होती. मागच्या बाकावरचा वही न मिटताच पळाला. बापाची होडी साडेचारच्या पाण्यावर आत यायची होती.