तुम्ही विचारलंत म्हणून: जखम भरली, मग हात अजून दुखतो कसा?

टाके काढून तीन वर्षं झाली, व्रणही आता शोधावा लागतो, त्यामुळे भेटेल तो विचारतो, "भरलं ना सगळं? मग?"

काचेची बरणी फुटून उजव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला घुसली, तिथली कातडीची जाणीव नेणारी नस कापली गेली. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी नेहमीसारखा हात धरला आणि मागच्या बाजूला अत्तराचा फाया टेकवला. कापसाचा फाया हो! उकळतं तेल पडावं तसं झालं, मी हात हिसडला, बाटली उडाली, काकूंच्या साडीवर सगळं अत्तर. सगळ्या गप्प. मग मागून कुणीतरी हळूच, "जरा जास्तच करते ही." वाण तिथेच राहिलं, मी जिन्यात बसून रडले, आणि ते हातासाठी नव्हतं.

खरं सांगते, तेव्हा मलाही वाटायचं की आपणच जास्त करतोय. नंतर वाचत गेले. त्या नसेच्या मूळ पेशी हातात नसतातच, मानेत मणक्यांच्या बाजूला असतात. नस कापली की तिकडे कुठले जीन चालू, कुठले बंद, हेच बदलतं. 1994 मध्ये उंदरांत दिसलं की जन्माआधी चालणारा, मोठेपणी जवळजवळ बंद असलेला नेव्ह 1.3 या सोडियम चॅनेलचा, म्हणजे सोडियम आत घेऊन पेशीचा सिग्नल सुरू करणाऱ्या दाराचा, जीन पुन्हा चालू होतो. हा चॅनेल एकदा उघडून बंद झाला की फार लवकर परत तयार होतो, म्हणजे पेशी सिग्नलवर सिग्नल सोडू शकते. वर ब्रेकचं काम करणारे पोटॅशियम चॅनेल कमी होतात. मी रात्री घेते ती नसेच्या दुखण्यावरची गोळी, प्रीगॅबालिन, कॅल्शियम चॅनेलच्या ज्या भागाला चिकटते तो अल्फा-2-डेल्टासुद्धा वाढतो.

मग मी सगळ्यांना ठासून सांगायला लागले, नेव्ह 1.3 मुळे दुखतं. तेही चुकलंच. 2006 मध्ये हा जीनच काढून टाकलेल्या उंदरांची नस दुखावली, तरी त्यांना हलका स्पर्श सहन होईना. आणि वेदनेचाच म्हणून ओळखला जाणारा दुसरा सोडियम चॅनेल, नेव्ह 1.8, कापलेल्या नसेच्या पेशींत उलट कमी होतो. मग नेमकं कशामुळे? माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. पण मनाचे खेळ म्हणू नका, एवढं तरी.

या संक्रांतीला येणार आहे. डावा हात पुढे केला तर रागावू नका काकू, फाया त्यालाच लावा.