पेनड्राइव्हचे नाव यादीत दोनदा का दिसते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि तेव्हापासून देवगड-मालवण पट्ट्यातले जुने संगणक माझ्याकडे येण्याचे प्रमाण वाढले आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवण्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये यातले काहीच नसते. अशा यंत्रावर मी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून बसवण्याचा सल्ला देतो. प्रत्यक्ष बसवण्यात फारसे कष्ट नसतात. अडते ते त्याच्या आधी किंवा नंतर, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या टप्प्यावर, आणि तिथे अडले की बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा तयार करून सगळे पहिल्यापासून बसवायला घेतात. मला हा मार्ग पटत नाही. पडद्यावर आलेला संदेश यंत्र कुठपर्यंत पोहोचले होते ते सांगत असतो, आणि तेवढे कळले की अर्धा शोध तिथेच संपतो.

यंत्र सुरू होताना चार हातांतून जाते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे त्यातच कोरलेला प्रोग्रॅम, डिस्क शोधते, डिस्कवरचा बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, शोधतो, कर्नल मूळ विभाजन, म्हणजे डिस्कचा प्रणाली असलेला भाग, शोधतो आणि त्यानंतर उरलेली प्रणाली उभी राहते. कुणी सिंधुदुर्ग किल्ल्यावर पोहोचला नाही, तर होडीला दोष देण्याआधी तो मालवणच्या धक्क्यापर्यंत आला होता का, हे विचारावे लागते. इथेही तसेच आहे. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हे फर्मवेअरचे बोलणे आहे, त्या वेळी लिनक्सचा संबंधच आलेला नसतो. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले, तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा पहिला तुकडा चालला, पण त्याला स्वतःच्या उरलेल्या फाइली सापडल्या नाहीत. ‘इनिटरामएफएस’ असे लिहून कर्सर लुकलुकत राहिला, तर कर्नल चालू झाला आहे आणि त्याला मूळ विभाजन मिळालेले नाही किंवा त्यावरची फाइलव्यवस्था बिघडली आहे. या तिन्हींवर एकच औषध चालणार नाही, हे उघड आहे.

माझ्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार पहिल्या प्रकारची असते: सर्व काही सुरळीत बसले, ‘आता यंत्र पुन्हा सुरू करा’ असेही आले, आणि नंतर काळ्या पडद्यावर एकच ओळ. देवगडच्या एका बागायतदार काकांच्या यंत्रावर हेच झाले होते. यंत्र कशावरून सुरू करायचे ते विचारणारी यादी, म्हणजे बूट मेनू, मी उघडला तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनीच नेमका प्रश्न विचारला, “ह्येचा नाव दोनदा कित्याक येता रे?” यादीत एकाच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी होत्या, एक साधी आणि एक पुढे ‘यूईएफआय’ असे लिहिलेली. साधी नोंद निवडली, तर यंत्र जुन्या बायोस पद्धतीने चालू होते. दुसरी निवडली, तर नव्या पद्धतीने. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने चालू होतो, त्याच पद्धतीचा बूटलोडर इन्स्टॉलर डिस्कवर ठेवतो, आणि ही निवड आपण केली आहे हे बसवणाऱ्याच्या अनेकदा लक्षातही येत नाही.

जुन्या पद्धतीत फर्मवेअर डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट विभाजनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ खुणेसाठी असतात. नव्या पद्धतीत त्या सेक्टरमधला कोड चालवलाच जात नाही. फॅट३२ स्वरूपाच्या एका छोट्या विभाजनातली ईएफआय फाइल थेट चालवली जाते. काकांच्या यंत्रात दोन्ही पद्धती चालू होत्या, पण प्राधान्य जुन्या पद्धतीला होते आणि मिंट मात्र नव्या पद्धतीने बसले होते. बूटलोडर डिस्कवर होता, फक्त फर्मवेअर त्याला दुसऱ्याच जागी शोधत होते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘यूईएफआय ओन्ली’ निवडल्यावर यंत्र मुकाट्याने चालू झाले. लाइव्ह सत्रात, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये, आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते पाहायचे असेल, तर ‘सिस’ फोल्डरातल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर आहे का ते बघावे. असेल तर नवी पद्धत, नसेल तर जुनी. विंडोजचा इन्स्टॉलर या बाबतीत अधिक स्पष्टवक्ता आहे: यूईएफआयमध्ये एमबीआर या जुन्या विभाजन-तक्त्याची डिस्क दिली, तर तो तिच्यावर बसायलाच नकार देतो आणि जीपीटी हा नवा तक्ता मागतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर सेटिंगमध्ये डिस्क जोडणारा साटा कंट्रोलर ‘रेड’वर आहे का ते पाहून ‘एएचसीआय’ करावा. मात्र त्याच डिस्कवरचे विंडोज टिकवायचे असेल, तर हा बदल आंधळेपणाने करू नये. ते पुढच्या वेळी निळा पडदा दाखवून थांबू शकते. बोधचिन्ह दिसून नंतर पडदा काळाच राहत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा असतो, आणि मिंटच्या पहिल्या यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ किंवा कर्नलला दिलेला ‘नोमोडसेट’ हा पर्याय काम भागवतो. ‘एसबॅट’चा उल्लेख असलेला संदेश दिसला, तर सिक्युअर बूटने, म्हणजे बूटलोडर विश्वासार्ह आहे का ते तपासणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीने, जुना बूटलोडर नाकारला आहे असे समजावे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटनंतर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणाऱ्या अनेकांना तो दिसला होता. लिनक्सची ताजी प्रतिमा (आयएसओ फाइल) वापरणे हा त्यावरचा बरा उपाय आहे. आणि पेनड्राइव्हच सुरू होत नसेल, तर उतरवलेल्या आयएसओ फाइलची एसएचए२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी आधी ताडून पाहावी. आमच्याकडच्या तुटत-जुळत चालणाऱ्या नेटवर अर्धवट उतरलेली फाइल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

पावसाळ्यात दोन गोष्टींची भर पडते. इन्स्टॉलर बूटलोडर अगदी अखेरीस बसवतो, त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत वीज गेली तर प्रणाली डिस्कवर जवळजवळ पूर्ण असूनही चालू होत नाही. अशा वेळी लाइव्ह सत्रातले बूटलोडर दुरुस्त करणारे ‘बूट रिपेअर’ आधी वापरून पाहावे. यूपीएस नसेल, तर लॅपटॉपची बॅटरी भरल्याखेरीज मी काम सुरूच करत नाही. दुसरी गोष्ट खाऱ्या, दमट हवेची. रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडले, की यंत्र नुसते बीप देते किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकते. त्रुटी प्रत्येक खेपेला बदलत असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून प्लग काढावा, पट्टी बाहेर घेऊन संपर्क खोडरबराने हलकेच पुसावेत आणि नंतर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी.

चाकरमान्यांच्या बंद घरांतल्या यंत्रांचा आजार आणखी वेगळा असतो. गणपतीनंतर थेट मे महिन्यात प्लग लावला जातो, तोवर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख कित्येक वर्षे मागे जाते, अनेक यंत्रांत बूट पद्धत आणि साटाची सेटिंगही मूळपदावर येतात, आणि काल नीट चालणारी प्रणाली आज सापडेनाशी होते. तारीख चुकीची असल्याने सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि अपडेटही अडतात, ते निराळेच. तीन व्होल्टचा हा सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. म्हणून यंत्र परत देण्याआधी मी ते रात्रभर प्लग काढून ठेवतो आणि सकाळी सेटिंगमधली तारीख पाहतो. नुसते रीस्टार्ट करून हा दोष कधीच दिसत नाही.