जुमेरातचा धूर

दुपारी लाईट गेलेली. लेकीनं पोळीवर ओतायला सॉसची बाटली काढली, आणि मला छापलेलं काहीही वाचायची खोड. सोडियम बेंझोएट. वाचलं नि नाकात ऊद शिरला.

तो आला परभणीच्या कापड लाइनीतून. आमच्या दुकानी दर गुरुवारी फकीरबाबा यायचे. एका हातात लोबानदाणी, दुसऱ्यात मोरपिसांचा कुंचा. ओट्याशी उभं राहून इंगळावर चिमूटभर ऊद टाकायचे. पहिला वास गोड, मिठाईवाल्याकडचा. मग राळ पेटायची आणि गल्ल्यापासून लुगड्यांच्या थप्प्यांपर्यंत सगळं धुरात बुडायचं. गळ्यात तुळशीची माळ घातलेले अण्णा मान लववून मोरपीस डोक्यावर घ्यायचे, मग चार आणे. एखादी जुमेरात बाबा चुकले की अण्णा दिवसभर गिऱ्हाइकावर खेकसायचे.

घरी तोच ऊद आजीच्या ताब्यात. शेगडीत ऊद, ओवा, वावडिंग. वर पालथं टोपलं, टोपल्यावर लंगोट. धाकट्याला न्हाऊ घातलेलं असताना मी त्या टोपल्याखाली डोकं घातलं होतं. भुवया वाचल्या. झिंज्या आजीनं उपटल्या.

तर ते बेंझोएट. ऊद सुमात्रा-जावाकडचा. झाडाच्या सालीला खाचा पाडायच्या, चीक पाझरून वाळला की खडे. अरबांनी त्याला 'लुबान जावी' म्हटलं. युरोपवाल्यांनी पुढचा 'लु' गिळून, उरलेलं चावून बेंझोइन केलं. त्यातून निघालं बेंझोइक आम्ल, त्याचं मीठ ह्या बाटलीत. आता ते टोल्युइनपासून कारखान्यात करतात म्हणे, आणि टोल्युइन हे नावसुद्धा तोलू नावाच्या दुसऱ्या एका झाडाच्या चिकावरून पडलेलं! आपल्या किनवटच्या रानात साळई आहे, तिचाही डिंक धुपात जातो. पण अण्णांना तो गावठी वाटायचा. ऊद म्हणजे अत्ताराच्या पुडीतलाच.

बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. टोमॅटोचा आला. लेक म्हणाली, "बाबा, खराब झालाय का?"

दुकान आता धाकटा बघतो. काचेचं दार केलंय, आत एसी. मागच्या गुरुवारी मी तिथंच होतो. फकीरबाबा आले, आधीच्यांचा नातू असेल. क्षणभर काचेबाहेर थांबले, दाराला मोरपीस टेकवलं आणि पुढच्या दुकानाकडे वळले. धाकटा मोबाइलवर बोलत होता. मीही उठलो नाही.