उभ्याचं तिकीट

व्हिएन्नात उतरल्यावर पहिली गाठ पडते ती मोझार्टशी. एका नाही, चौकाचौकातल्या मोझार्टांशी. लाल-सोनेरी कोट, पांढरा केसांचा टोप आणि बगलेत तिकिटांची फाइल. स्टेफान्सडोम चर्चच्या भोवती तर दहा पावलांत दोन भेटतात. आपण भारतीय दिसलो की "नमस्ते" म्हणतात आणि संध्याकाळच्या मैफिलीचं पत्रक पुढे करतात. पर्यटकांसाठी बेतलेले हे कार्यक्रम असतात, ओळखीच्या सुरावटींचे तुकडे जोडलेले. ते वाईटच असतात असं नाही, पण त्या पैशात या शहरात काय काय ऐकता येतं हे कळल्यावर फाइलवाल्यांना नम्रपणे नाही म्हणता येऊ लागलं.

कळलं ते मावसभावामुळे. तो तिथे शिकतो. ऑपेराची तिकिटं शोधताना दोनशे युरोंच्या पुढचे आकडे बघून माझा चेहरा उतरला, तेव्हा म्हणाला, "ताई, बसायचं तिकीट काढतेसच कशाला? पाय धड आहेत ना?"

व्हिएन्ना स्टेट ऑपेरात उभं राहून बघायच्या जागा आहेत. थोड्याथोडक्या नाहीत, शेकड्यांनी आहेत. तळमजल्यावर, बाल्कनीत आणि पार वरच्या गॅलरीत. तिकीट वीस युरोंच्या आत. गंमत अशी, की तळमजल्यावरची उभ्याची जागा कुठेतरी खांबामागे नसून ऐन मध्यभागी, पूर्वीच्या बादशाही बॉक्सच्या बरोबर खाली आहे. म्हणजे फ्रान्झ जोसेफ बादशहाला जे दिसायचं तेच आपल्याला दिसतं, फक्त एक मजला खालून आणि खुर्ची नाही.

बादशहाचा विषय निघालाच आहे तर या इमारतीची कथा सांगते. 1860 च्या दशकात जुनी तटबंदी पाडून रिंगस्ट्रास हा गोलाकार राजरस्ता आखला गेला आणि त्यावर ऑपेरा बांधायचं काम सिकार्ड्सबुर्ग आणि फान डेर न्यूल या दोघा वास्तुविशारदांना मिळालं. बांधकाम सुरू झाल्यावर समोरच्या रस्त्याची पातळी मीटरभर वाढवली गेली, त्यामुळे इमारत खचल्यासारखी दिसू लागली. लोकांना विषय मिळाला. 'बुडालेली पेटी' म्हणून टिंगल सुरू झाली, वर्तमानपत्रांनी झोडलं. 1868 मध्ये फान डेर न्यूलने गळफास लावून घेतला. काही आठवड्यांतच सिकार्ड्सबुर्गही आजारपणात गेला. 25 मे 1869 ला मोझार्टच्या 'डॉन जियोव्हानी'ने उद्घाटन झालं तेव्हा दोघांपैकी कुणीही नव्हतं. बादशहाने याचा असा धसका घेतला म्हणतात, की पुढे कुठल्याही कलाकृतीबद्दल मत विचारलं की "फार छान होतं, मला फार आनंद झाला" एवढं एकच ठरलेलं वाक्य बोलायचा. आज त्या इमारतीसमोर उभं राहून ती बुटकी वाटते का, हे मी मुद्दाम निरखून बघितलं. मला तरी नाही वाटली.

आम्ही 'टोस्का' बघितला. पुच्चिनीचा ऑपेरा, गायिका टोस्का आणि तिला छळणारा पोलीसप्रमुख स्कार्पिया यांची गोष्ट, आणि प्रयोग 1958 सालचा. म्हणजे तेव्हा मार्गारेटे वालमन या दिग्दर्शिकेने बसवला, निकोला बेनुआ यांनी नेपथ्य केलं, हर्बर्ट फॉन कारायान यांनी वाद्यवृंदाचं संचालन केलं आणि तोच प्रयोग, त्याच मांडणीत, अजून चालू आहे. सहाशेहून अधिक वेळा झालाय. गायक बदलतात, संचालक बदलतात. रोममधलं चर्च, स्कार्पियाचा महाल आणि किल्ल्याचा कठडा मात्र जिथल्या तिथे. युरोपातल्या बऱ्याच ऑपेरागृहांत आता जुन्या कथेला सूटबूट नाहीतर लष्करी गणवेश चढवायची चाल आहे. स्टेट ऑपेरातही इतर ऑपेरांच्या बाबतीत ती आहेच, पण तिथल्या 'टोस्का'ला हात लावायची हिंमत कुणी करत नाही. मला विचाराल तर करूही नये.

उभ्याच्या जागेत उतरत्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला टेकायला कठडा. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून कठड्याला गाठ मारली आणि निवांत बाहेर निघून गेल्या. ही इथली जुनी रीत. स्कार्फ बांधला की जागा तुमची, मग खुशाल कॉफी पिऊन या. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शहर परकं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच, की इथे त्या रुमालावरून भांडण होत नाही.

परतल्यावर आजींनी माझ्यापुढची छोटी पट्टी चालू करून दिली. कठड्यावरच गाण्याचे शब्द उमटतात, भाषा आपण निवडायची. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, अगदी जपानीसुद्धा. एके काळी याची गरजच नव्हती. कारायान 1956 मध्ये इथे प्रमुख म्हणून येईपर्यंत इटालियन ऑपेराही जर्मनमध्येच गायला जायचा. मूळ भाषेत गाण्याचा आग्रह त्यांनी धरला. आजींनी स्वतःची पट्टी लावलीच नाही. त्यांना सगळा पाठ होता.

दुसऱ्या अंकातला एक तुकडा अजून डोळ्यांपुढे आहे. टोस्काने स्कार्पियाला जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने भोसकलंय. गाणं संपलंय. आता ती एक मेणबत्ती उचलते, प्रेताच्या एका बाजूला ठेवते. मग दुसरी, दुसऱ्या बाजूला. भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. शब्द नाही, खालून फक्त वाद्यवृंद, तोही दबक्या आवाजात. ज्याने आपल्याला छळलं त्याचेच अंत्यसंस्कार, तेही भीतीपोटी आणि श्रद्धेपोटी. उभं राहिलेल्यांपैकी कुणी पायावरचा भारसुद्धा बदलला नाही. रंगमंचापुढच्या त्या खड्ड्यात वाजवणारी मंडळी साधी नव्हेत. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे सगळे सभासद याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून निवडले जातात, आणि तिथे काही वर्षं वाजवल्याशिवाय अर्जही करता येत नाही. म्युझिकफेराइन या मैफिलींच्या वास्तूतल्या सोनेरी सभागृहात टीव्हीवर दिसणारे वादक इतर संध्याकाळी इथे खड्ड्यात, कुणाला न दिसता, गायकांना साथ करत असतात.

तिसऱ्या अंकात नायकाचं ते सुप्रसिद्ध गाणं झालं आणि टाळ्या थांबेनात. मला आपलं उगाच वाटलं, आता 'वन्स मोअर' येणार. संगीत नाटकावर वाढलेल्या घरातली सवय. पण इथे ते सहसा होत नाही, आणि झालंच तर त्याची बातमी होते. 2016 मध्ये योनास काउफमान या टेनरने, म्हणजे उंच पट्टीच्या गायकाने, याच गाण्याला लोकाग्रहास्तव पुन्हा सूर लावला. गाणं संपलं, वाद्यवृंद पुढे सरकला आणि टोस्काची एन्ट्रीच होईना. काउफमानने त्याच चालीत "आपल्याकडे सोप्रानोच (म्हणजे उंच पट्टीची गायिकाच) नाही" असं गाऊन वेळ मारून नेली. मध्यंतरात आजींना हा किस्सा विचारला होता, तर त्या खुसुखुसु हसल्या आणि मग त्याहून जुना सांगितला. 1991 मध्ये 'ओथेल्लो'नंतर प्लासिदो दोमिंगोसाठी लोक तब्बल 80 मिनिटं टाळ्या वाजवत होते आणि 101 वेळा पडद्याबाहेर यावं लागलं. गिनीज बुकात नोंद आहे. मराठी रसिकाला आपण फार दर्दी वाटतो ना? जरा जपून.

मध्यंतरात पडदा पडतो तो कापडी नव्हे, लोखंडी. त्यावर दर मोसमात नव्या चित्रकाराचं भलंमोठं चित्र लावतात. 1998 पासून हा उपक्रम चालू आहे. मूळ पडद्यावर आयझेनमेंगर या चित्रकाराचं ऑर्फियसचं चित्र आहे. तो नाझी पक्षाचा सभासद होता. चित्र पुसलं नाही, झाकलं. मला हा तोडगा फार व्हिएन्नी वाटला. लोखंडी पडद्याचं कारण मात्र वेगळंच. 8 डिसेंबर 1881 ला याच रस्त्यावरच्या रिंगथिएटरमध्ये प्रयोग सुरू होण्याआधी आग लागली आणि शेकडो प्रेक्षक गेले. त्यानंतर रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात आग अडवणारा पडदा सक्तीचा झाला. खुद्द स्टेट ऑपेराही एकदा जळलाय, 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात. दर्शनी भाग आणि मोठा जिना वाचला, प्रेक्षागृह आणि रंगमंच गेले. पुन्हा उभारून 5 नोव्हेंबर 1955 ला बेथोवनच्या 'फिडेलिओ'ने दार उघडलं. कैदेतून सुटकेची कथा असलेला ऑपेरा, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातून दोस्त राष्ट्रांच्या फौजा गेल्या होत्या. त्या रात्री कुणाला काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको.

प्रयोगानंतर सगळे मागच्या सॉसेजच्या टपरीवर. चीज भरलेलं सॉसेज, मोहरी, पावाचा तुकडा. एकाच रांगेत टक्सिडो घातलेले आणि जीन्सवाले. शाकाहारी माणसाला पाव आणि काकडीच्या लोणच्यावर भागवावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहातही मागे उभ्याची जागा आहे. तिथे मात्र जमीन सपाट, त्यामुळे पुढच्या उंच माणसाच्या मानेचा अभ्यास होतो. पण ऐकायला! 1870 सालचं हे सभागृह, लांब अरुंद पेटीसारखं. फरशी लाकडी आणि खाली पोकळ, छत वरून टांगलेलं. चेलोचा खालचा सूर तळव्यातून चढतो, हे बसलेल्यांना बहुधा कळत नसावं. फिलहार्मोनिकच्या रविवार सकाळच्या मैफिलींची वर्गणी मिळवायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तिथे उभं असताना मला आपल्या झुबिन मेहतांची आठवण झाली. 1954 मध्ये अठराव्या वर्षी मुंबई सोडून ते इथे संगीत शिकायला आले. मोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना बघू देत नसत, म्हणून त्यांनी आणि क्लाउदिओ आबादो या मित्राने म्युझिकफेराइनच्याच गायकवृंदात नाव घातलं. गायचं निमित्त, नजर संचालकाच्या हातांवर. पुढे नववर्षाच्या मैफिलीचं संचालन मेहतांनी याच सभागृहात पाच वेळा केलं.

मला या शहराबद्दल कौतुक वाटतं ते याचं. जुन्या इमारती आणि पुतळे सगळ्यांकडे असतात. पण इतकं स्वस्त तिकीट मध्यभागी ठेवायचं आणि वर्षानुवर्षं ते तसंच चालू द्यायचं, याला दानत लागते. टाळी कधी वाजवायची, कुणाचा सूर उतरला, हे ठरवणारे लोक इथे मागे उभे असतात, आणि गायकांनाही ते ठाऊक असतं.

जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा. ऑपेरा तेव्हा बंद असतो. त्या दिवसांत नगरभवनासमोरच्या मैदानात मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफिलींची चित्रणं फुकट दाखवतात, भोवती खाण्याचे स्टॉल असतात. मोसमात यायला जमलं, तर उभ्याची तिकिटं प्रयोगाच्याच दिवशी विक्रीला येतात, तेव्हा सकाळी लक्ष ठेवा. कोट आणि पाठीवरची सॅक क्लोकरूममध्ये ठेवावीच लागते. वाग्नरचा ऑपेरा मात्र पहिल्याच खेपेला नको, पाच तास उभं राहायला सराव लागतो.