एका फणसापायी बंड

आज रविवार. दुपारी झोप काढायची होती, पण बाबांनी १९३५ चा ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ हा सिनेमा लावला, बाउंटी जहाजावरच्या बंडाचा, आणि झोप गेलीच.

चार्ल्स लॉटनचा कॅप्टन ब्लाय! खालचा ओठ पुढे काढून तो नुसता बघतो तरी अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसालाही फटके पुरे करायला लावतो हा. समोर क्लार्क गेबलचा फ्लेचर ख्रिश्चन, बंडखोरांचा म्होरक्या. गंमत म्हणजे या दोघांना आणि फ्रँचॉट टोनला एकाच वर्षी उत्तम अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं. मिळालं तिघांनाही नाही. सिनेमाला मात्र मिळालं.

बरं, जहाज पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर कशाला गेलं होतं? ब्रेडफ्रूटची रोपं आणायला. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायचं म्हणून! हे मी सांगितल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, म्हणजे आपला नीरफणस!” ज्याची आपण कापं तळतो, तोच.

नंतर वाचत बसलो, तर खरा ब्लाय इतका राक्षस नव्हता म्हणे. २८ एप्रिल १७८९ ला बंडखोरांनी त्याला १८ जणांसह २३ फुटी होडीत उतरवलं. साडेतीन हजारांहून जास्त सागरी मैल कापून तो तिमोरला पोचला! वाटेत बेटावरच्या हल्ल्यात एकच माणूस गेला. सिनेमात पुढे तोच बंडखोरांना शोधायला निघतो, ते खोटं. ती कामगिरी दुसऱ्या कॅप्टनची.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “असेल. पण मी ख्रिश्चनच्याच बाजूने.”

बाजारात नीरफणस दिसला तर कळवा, आईने कापांचं कबूल केलंय.